आयच्या जागंवर बदली

शिवनाच्या क्लासच्या बाई म्हनल्या, दिवाळीच्या अंकात कामकरी बायकांनी आपापल्या कामाचं लिवायचं हाय, तू बी लिव. मी म्हनलं, बाई, मी कुटं कामाला जाते? मिलात न्हाई, शेतात न्हाई. त्या म्हनल्या, मग उजाडल्यापास्नं करतीस काय? म्हनलं, मामंजींस्नी राखते, आन् पोरगीला. त्या म्हनल्या, मग त्येच लिव, जसं बोलतीस तसं लिव, थांबू नगंस. थांबाय कुटं मिळतंय बाई मला. मामंजी म्हंजे माझं सासरं, ते आत्ता हितं दारात बसल्यात म्हनून लिवते, ते उटले की माझं लिवनं बी उटंल. शाळा चौथीपत्तोर झाली, तवा चुकलं तर सांबाळून घ्या.

तर माझ्या कामाचं. ह्या धंद्यात गिऱ्हाईक एकच, पन रोज नवं. सकाळी च्या दिला की म्हनत्यात, "कोनाची गं तू?" दुपारी म्हनत्यात, "आक्के, कोरड्यास वाढ." दिवं लागायच्या टायमाला म्हनत्यात, "बाई, लय येळ झाला, मला माज्या घरी सोडा." आन् बसल्यात सोताच्याच घरात, सोताच्याच घोंगड्यावर. चाळीत कोन म्हनतं म्हातारचळ, कोन म्हनतं बाहेरचं हाय, देवरुषाला दावा. मिरजंच्या डाक्टरनं बगितलं, म्हनला, डोस्कं सुकत चाललंय, औषद न्हाई, सांबाळा. सांबाळा म्हंजे काय करायचं ते त्येनं बी सांगितलं न्हाई. ते माझं मीच शिकले, आन् अजून भ्या गेलं न्हाई.

आमी मूळचं विट्याकडचं. ह्ये, म्हंजे पोरगीचं वडील, गलईच्या दुकानात हायेत, सोनं गाळायचं काम, लांब तिकडं मदुरंला, वरसातनं एकदा येत्यात. थोरलं दीर गावाकडं कोरडवाहू रान बगत्यात. मामंजी हितं माधवनगरच्या मिलात माग चालवायचे, तवापास्नं ही चाळीतली खोली. सासूबाई माझ्या लग्नाआदीच गेल्या. म्हंजे खोलीत आमी तिगंच, मी, मामंजी आन् माझी बेबी. ज्या टायमाचं सांगते तवा बेबी रांगत हुती, पाऊल टाकाय बगत हुती.

मामंजी आदी लय बेताचा मानूस. दारात आले की पयलं खोकायचे, मी पदर घ्यावा म्हनून, मगच आत पाऊल. बेबी झाली तवा पोरगी म्हनून समद्यांची तोंडं उतारली, मामंजींनी एकट्यानं चाळभर साखर वाटली. बायका म्हनल्या, "आवं, पोरगी झालीया." तर म्हनले, "मग? साखर कडू लागती का?" असा मानूस. तो पयल्यांदा काय इसरला, तर खोकायचं इसरला. सरळ आत यायला लागले. मला वाटलं घाईत असतील. आता वाटतं, सुरवात तितनंच हुती, ते आमच्यापास्नं निगाले ते तवाच.

आता एक अडचन हाय ती सांगून ठिवते. मामंजींचं नाव मला घेता येत न्हाई. सून सासऱ्याचं नाव घेत न्हाई, आन् आमच्यात तर नावासारका शबूद बी तोंडात आनत न्हाईत. वाटंनं चालताना पायाला ज्याची ठेच लागती, तेच त्यांचं नाव. त्यांच्या आदीचे भाऊ जगले न्हवते, म्हनून आयनं असलं नाव ठिवलं, की यमानं बगावं आन् म्हनावं, ह्ये काय उचलायचं, आन् फुडं जावं. तवा त्या वस्तूला मी गोटा म्हनते. धुन्याचा गोटा, उंबऱ्याचा गोटा. एकदा रेशनच्या दुकानात म्हनलं, तांदळात लय गोटं हायेत वो, तर दुकानदार म्हनला, "बाई, एवडं मोटं निगाले असते तर मी घरच बांधलं असतं." समदी हसली. हसू द्यात. नाव घेतलं न्हाई ते न्हाई.

मिलात बदली म्हंजे काय ते बाहेरच्यांस्नी ठावं नसंल. पाळी सुरू व्हायच्या आदी बदलीवालं गेटावर हुबं ऱ्हात्यात. कायमचा गडी आला न्हाई, तर त्येच्या जागंवर बदलीवाल्याला आत घेत्यात. समदे आले तर बदलीवाल्यानं भाकरी घिऊन माघारी जायचं. मामंजी कायम हुऊन रिटायर झाल्यालं, पन डोस्कं मागं मागं गेलं आन् पार बदलीच्या दिसात जाऊन बसलं. भोंगा झाला की उटले, टोपी घातली, चालले गेटाकडं. अडवलं की खवळायचे, "माजा माग दुसऱ्याला जाईल की!" मी बेबीला काखंत मारून मागं. मधी रस्ता, टरका, सायकली. पयलं पयलं मी वढून आनायची, रडायची, ते बी रडायचे, बेबी बी रडायची. मग गेटावरच्या गनपतकाका वाचमननं मला ह्या धंद्याचं पयलं हत्यार दिलं. मामंजी गेटावर गेले, तर काका उटून हुबं ऱ्हायलं, म्हनलं, "मामा, आज बदली भरली. उद्या सकाळच्या पाळीला या." मामंजींनी मान हालवली आन् गप माघारी वळले. बगा, न्हाई म्हनायचं न्हाई. उद्या या म्हनायचं. त्या दिसापास्नं मी त्यांस्नी कशालाच न्हाई म्हनलं न्हाई.

मग माझ्या डोस्क्यात आलं, मी तरी काय करते? बदलीच की. त्यांस्नी आक्का, म्हंजे थोरली भन पायजे, आक्का मरून गेली, मी आक्काच्या जागंवर. त्यांस्नी जाबर, म्हंजे मागावरचा मुकादम पायजे, मीच कमरंवर हात ठिवून जाबर, "मामा, माग नीट हाय, जेवून घ्या." रोज सकाळी मनात इचारायचं, आज कुनाच्या जागंवर. फकस्त सुनंच्या जागंवर कवा घेत न्हाईत. तिची हाजरी न्हाई.

आंगुळीचं सांगायला लाज वाटती, पन बाई म्हनल्या थांबू नगंस. पुरुस मानूस घरात न्हाई. पयल्या दिशी धोतर तसंच ठिवून मी लांबनं तांब्या वतत हुते, पदर नाकापत्तोर, तोंड भितीकडं, पानी निम्मं जिमिनीवर. तर मामंजी डोळं मिटून म्हनले, "आये, साबन गेला डोळ्यात." मी वळले. तर ते एवडंसं तोंड केल्यालं, आन् चेहरा माज्याकडं वर केल्याला, बेबी करती तसाच. मी पदराच्या टोकानं डोळं पुसलं. लाज कुटं गेली कळलं न्हाई. मग मात्र मनात म्हनलं, देवा, माजं वय काय, आन् ह्यांची आय मी कशी हुऊ?

पन त्या दिसापास्नं आय लय येळा लागाय लागली. दिवस कलला की ते सोताच दारात हुबं ऱ्हात्यात, आन् बारीक बाईच्या आवाजात सोतालाच हाक मारत्यात, "... रं, जेवाय ये रं, भाकरी निवली रं!" टिंबांच्या जागी त्यांचं नाव हाय. शेवटाला आवाज वर न्हेत्यात, रानात हाक मारावी तसा. मी तवा कानात बोटं घालायची, कारन नाव ऐकून ऐकून तोंडात बसंल ह्येचं भ्या.

आता डब्याची गोष्ट. भोंगा व्हायच्या आदी मी त्यांची भाकरी फडक्यात बांधून ठिवायची, हातात गटुळं असलं की त्यांस्नी बरं वाटायचं. एक दिस मी नळावर गेले, आले तर झोळी हालत हुती, मामंजी न्हाईत. म्हनलं निजवली वाटतं पोरगीला. झोळीत बगते तर भाकरीचं गटुळं! नीट दुपट्यात गुंडाळून, झोका दिऊन गेल्यालं. मी अनवानी पळत सुटले. गेटावर बगते तर मामंजी बदलीवाल्यांच्या वळीत हुबं, काखंत बेबी, फडक्यात बांधून, आन् गनपतकाका म्हनत्यात, "मामा, आज डबा रडाय लागलाय की वो!" वळीतली मानसं हसत हुती, काका हसत न्हवते. त्यांनी बेबीला हळूच काढून घेतली, "डबा आत जमा करतो, बदली भरली," म्हनले. बेबीला कायबी झालं न्हवतं. मामंजींनी तिला छातीशी धरली हुती, रस्ता बी नीट बगून वलांडला आसंल. पन मी तितंच खाली बसले.

ती गोष्ट थोरल्या दिरांच्या कानावर गेली. ते आले. आमच्या घरात ते कडक, पन वंगाळ न्हाईत. भितीला टेकून बसले आन् म्हनले, "पोरी, तुज्या एकटीच्यानं ह्ये व्हायचं न्हाई. आज लेकरू वाचलं. आता परत एकदा आबा कुटं गेले, तर मी गावाकडं न्हेनार."

मी पदराआडनं म्हनलं, "गावाकडं तुमी आन् जाऊबाई दोगं बी रानात असता. तितं कोन बगनार?"

"गोठ्याच्या सपरात ठिवीन."

"तितं तर जनावरं..."

"जनावरं कुटं हायेत आता? दुष्काळात बैल इकला, साखळी तेवडी ऱ्हायलीया दावनीला." मग सोताच खाली बगून म्हनले, "पायाला फडकं बांधून वर साखळी घालीन. लागनार न्हाई."

मामंजी शेजारीच बसल्यालं. म्हनले, "व्हय, फडकं बांदाय लागतंय. न्हाईतर बैलाचा पाय सोलतोय." त्यांस्नी वाटलं बैलाचंच चाललंय.

त्या राती, खरं सांगू का, मनात एकदा आलं बी, की न्हेऊ द्यात. बेबीनं पयलं पाऊल टाकलं तवा मी गेटावर हुते, शेजारनीनं बगितलं, मी न्हाई. ती रुखरुख अजून हाय. पन डोळ्याम्होरं तो साबन गेल्याला चेहरा यायचा, आन् त्येच्या पायात साखळी. म्हनलं न्हाई, परत हरवू द्यायचं न्हाई.

भोंगा हेच माझं घड्याळ. भोंग्याच्या आदी म्होरल्या दाराला कडी घालायची, त्यांचं उटनं बसनं झालं, जीव निवला, की कडी काढायची. मागच्या दाराला कडीच न्हवती, पन तिकडनं ते कवा जायचे न्हाईत, कारन गेट म्होरनं.

आन् एक दिस भोंगा झालाच न्हाई. मिलात कायतरी मोडलं म्हनं. मला कसं कळावं? मी आपली भोंग्याची वाट बगत निवडनं करत बसले, अजून येळ हाय म्हनून. तेवड्यात थोरलं दीर दारात. विट्याच्या यष्टीनं आल्यालं, आबांस्नी बगाय. त्यांनी पिशवी फरशीवर ठिवली तर आत लोखंड खळ्ळकन वाजलं. मी वळकलं. साखळी हुती. ते म्हनले, "आबा कुटं?"

मी वळले. घोंगडं मोकळं. मागचं दार सताड.

आमी गेटाकडं पळालो, बेबी माज्या काखंत. गनपतकाका म्हनले, "आज भोंगा न्हाई, मामा आलेच न्हाईत." मागं फिरलो. चाळीच्या मागं उसाची रानं लागत्यात. तितं एक बाई गवताचा भारा घिऊन येत हुती, ती म्हनली, "एक म्हातारं मला इचारत हुतं, बाई, भोंगा कुटं गेला, बगितला का? मला वाटलं चेष्टा करतंय." आन् उसातल्या पायवाटंकडं हात केला.

उसात शिरलो. पानं तोंडाला कापत हुती, मी बेबीचं तोंड पदरात घातलं. पल्याड ऊस संपला आन् हीर दिसली. मोटी, बांदल्याली, पन कठडा न्हाई. आन् अगदी कडंला, आमच्याकडं तोंड करून, मामंजी. टाचा हिरीकडं. धोतराचा सोगा हिरीत लोंबतोय.

दीर वरडले, "आबा! हालू नगा!"

मामंजी दचकले. गडीमानूस वरडत पळत येतोय येवडंच त्यांस्नी दिसलं. दोनी हात जोडले आन् म्हनले, "मालक, म्या ऊस मोडला न्हाई! आयची आन, म्या न्हाई मोडला!" आन् एक पाऊल मागं. टाचंखालची माती पान्यात पडल्याली मला ऐकू आली.

दीर आनिक वरडले, "आबा, मी हाय, तुमचा थोरला!" बिचारे रडत वरडत हुते. पन थोरला कोन, त्यांस्नी काय ठावं? मामंजी तवा पोरगं हुते. लेक कुटनं असनार? त्यांनी दुसरा पाय उचलला, मागं टाकाय.

मी दिरांचा हात धरला. थोरल्या दिराला मी कवा शिवले न्हवते. बेबीला त्यांच्या हातात कोंबली, डोक्यावरचा पदर घसरला तो तसाच ऱ्हाऊ दिला, आन् जाग्यावरनंच, बारीक आवाज काढून, शेवट वर न्हेऊन, हाक मारली.

"दगड्या रं! ए दगड्या! जेवाय ये रं! भाकरी निवली रं!"

त्यांचा पाय हवंतच थांबला. मग म्होरं आला. तोंड वर करून त्यांनी मला बगितलं, मला म्हंजे माज्या जागंवर जी हुती तिला, आन् म्हनले, "आलू आये." चार पावलं आले आन् हुबं ऱ्हायले. "म्या ऊस मोडला न्हाई."

"ठावं हाय मला," मी म्हनलं. "चल."

त्यांनी माज्या पदराचं टोक धरलं, आन् आमी उसातनं घरी आलो. मागनं दीर, बेबीला दोनी हातांनी धरून, देवाचं ताट धरावं तसं. त्यांनी तिला तवर कवा घेतलीच न्हवती.

घरी आल्यावर खरंच भाकरी निवल्याली. मामंजी जेवाय बसले. दिरांकडं बगून म्हनले, "आये, पावन्याला बी वाढ की." दीर बसले. मी चुलीकडं तोंड करून म्हनलं, "भावजी, नाव घेतलं मी. अरं-तुरं केलं. चुकलं."

त्यांनी तांब्यातलं पानी घेतलं. मग म्हनले, "आमची आज्जी अशीच हाक मारायची. मी ल्हान हुतो, ती म्हातारी झाल्याली, तरी सांजच्याला आबांस्नी अशीच हाक मारायची. शेवटाला आसाच आवाज चढायचा. तू तर तिला बगितली बी न्हाईस, पोरी. कुनी शिकिवलं?"

मी म्हनलं, "मामंजींनीच."

दुपारी ते शेजारनं हातुडा घिऊन आले. पिशवीतनं साखळी काढली. ती घिऊन ते मागच्या दारापाशी बसले, चौकटीला खिळा ठोकला, दाराला खिळा ठोकला, आन् साखळी तितं बसवली. वडून बगितली. "आता मागनं जायचे न्हाईत," म्हनले, आन् सांजच्या यष्टीनं गेले. ती साखळी अजून तितंच हाय.

चाळीत बोलबाला झालाच. नळावर एक म्हातारी म्हनली, "सासऱ्याला अरं-तुरं करतीया, कली आला गं बाई." मी म्हनलं, "व्हय आज्जी, आला. घागर भरली तर सरा की." आता मी धुनं दगडावर आपटते, सरळ दगडच म्हनते. एकदा तोंडातनं गेलं ते गेलं. आन् बेबी आता बोलाय लागलीया, आज्ज्याला आज्जा म्हनत न्हाई, दारात जाऊन म्हनती, "दग्या लं, दे-वाय ये!" मामंजी लय हसत्यात आन् येत्यात. दोगं एका ताटात जेवत्यात.

पन भ्या सरलं न्हाई, फकस्त दुसरं झालं. परवा बेबीनं हाक मारली तर त्यांनी इकडं तिकडं बगितलं, दुसऱ्याच कुनाला मारल्यागत. मग मी मारली, तवा वळले, पन जरा येळानं. मला बाईंस्नी इचारायचं हुतं, मानूस आय बी इसरतं का? इचारलं न्हाई. माज्यापाशी हेच एक नाव हाय, ह्येच्या मागचं नाव कुनालाच ठावं न्हाई.

भोंगा झाला. टोपी घातली बगा त्यांनी. उटले.

हाक मारून बगते.